ती रुसलेली नाही, तिला टाके पडलेत

एका वाचक ताईंच्या घरी दोन मांजरं आहेत. थोरला बोका तीन वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. (नावं बदलून इथे बंड्या आणि साय अशी घेतली आहेत.) पाच दिवसांपूर्वी सायचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती पलंगाखाली बसून असते. ताई हात घालून तिला बाहेर काढायला जातात, तर ती फिस्कारते. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेल्या प्लास्टिकच्या कॉलरनं होणारे तिचे हाल बघवत नाहीत, म्हणून ताईंनी दोन रात्री ती काढून ठेवली. आता टाक्यांच्या कडेला ओलसर लाली दिसते आहे आणि कातडीखाली एक टणक गाठ हाताला लागते आहे. मनधरणी म्हणून सायला वाटीभर दूध आणि एरवीपेक्षा जास्त खाणं चालू आहे. तिला रोज चाटून-पुसून काढणारा बंड्या आता तिच्यावरच गुरगुरतो. सासूबाईंचं म्हणणं, "एक तरी वेत होऊ द्यायचं होतंस." ताई विचारतात, साय माझ्यावर कायमची रुसली का? तिचा विश्वास परत कसा मिळवू? आणि निदान बंड्याला तरी या सगळ्यातून वाचवायचं ठरवलंय, ते बरोबर ना?

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन ओळी पाठवल्या होत्या: कॉलर लगेच परत घाला, आणि सायला आजच डॉक्टरांकडे न्या. टाक्यांजवळची ओल ही सदरात उत्तर येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती. आता बाकीचं सविस्तर बोलू.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण तिन्हींच्या खाली समजूत एकच आहे. तुम्ही सायचा अपराध केलाय आणि ती तुम्हाला त्याची शिक्षा देते आहे. ही समजूत नुसती मनाला टोचत राहिली असती तर मी दोन धीराचे शब्द लिहून मोकळी झाले असते. पण ती तुमच्या हातून नको त्या गोष्टी करवून घेते आहे. कॉलर काढलीत, कारण तुम्हाला बघवेना. पलंगाखाली हात घालता, कारण ती अजून आपली आहे ना याची खात्री करून घ्यायची असते. दूध देता ते माफी मागायला. यातलं एकही सायच्या उपयोगाचं नाही आणि पहिल्या दोन गोष्टी तर तिच्या जखमेवर येतात.

तिच्या बाजूनं तो दिवस कसा गेला असेल बघा. सकाळी उपाशी ठेवलं, कॅरियरमध्ये घातलं, अनोळखी कुत्र्या-मांजरांच्या वासात नेलं. जाग आली तेव्हा पोटावरचे केस गेलेले, पोट दुखतंय, अंगाला दवाखान्याचा वास आणि गळ्यात प्लास्टिकचं भोंगं. डॉक्टर हे ऑपरेशन इतक्या सहजपणे करतात की आपण विसरतो, यात पोट उघडून अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढलेलं असतं. भुलीचा अंमल पुरता उतरायला १२ ते २४ तास लागू शकतात. तेवढ्या वेळात मांजर झोकांड्या खातं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे आलेला दिसतो, आणि वेदना कमी करायला दिलेल्या काही औषधांनी बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर होतात. पहिल्या रात्री ती "परक्यासारखी बघत होती" असं तुम्ही लिहिलंय. ते औषधाचं काम.

दुखत असलं की मांजर लपतं. रानात अशक्त दिसणं जिवावर बेततं, आणि घरात गादीवर लोळणाऱ्या मांजराच्याही अंगात ते मुरलेलं असतं. तुमचा हात पलंगाखाली आल्यावर ती फिस्कारते त्याचा अर्थ "दुखतंय, ओढू नकोस" एवढाच. भांडण मिटवायला जाऊ नका, भांडण झालेलंच नाही.

पलंगाखालची जागा मात्र बदला, कारण तिथे ती तुम्हाला नीट दिसत नाही आणि जखम तपासता येत नाही. एखादी छोटी खोली तिला द्या, जिथे कपाट, ओटा, खिडकी असं उडी मारून चढायला काही नाही. एका खोक्याला दार कापा, कॉलरसकट आत शिरता येईल एवढं रुंद. आत मऊ चादर आणि तुमचा अंगावरचा, न धुतलेला टी-शर्ट. लिटरचा, म्हणजे शी-शूसाठी भुसा-माती घातलेला, ट्रे बुटका हवा. बारीक भुकटीचं, ओलं झाल्यावर गोळा होणारं लिटर जखमेला चिकटतं, म्हणून टाके भरेपर्यंत ट्रेमध्ये फाडलेले कागद किंवा कागदाच्या गोळ्यांचं लिटर टाका. उचलावंच लागलं तर एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंग आडवं राहील असं उचला. काखेत धरून वर उचललं की खालचं सगळं अंग लोंबतं आणि ताण थेट टाक्यांवर येतो. आणि रोज थोडा वेळ त्या खोलीत जमिनीवर बसा. पुस्तक वाचा, भाजी निवडा, काहीही करा. फक्त तिच्याकडे टक लावून बघू नका. मांजराला ती नजर धमकीसारखी वाटते.

राग आलाय का हे शोधण्यापेक्षा दुखतंय किती हे बघा. चेहऱ्यावरून ते बऱ्यापैकी कळतं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली फिलाइन ग्रिमेस स्केल नावाची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी बघतात: कान, डोळे, नाका-तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची. दुखणाऱ्या मांजराचे कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळतात, डोळे अर्धवट आवळलेले असतात, मिशा सैल न पडता सरळ ताठ होतात आणि डोकं खांद्यांच्या रेषेपेक्षा खाली जातं. ती जागी आणि शांत असताना लांबून बघा. खाताना किंवा झोपेत बघून उपयोग नाही. पाचव्या दिवशीही चेहरा असा असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, औषधाचं ते बघतील.

तुम्ही मात्र घरातल्या डब्यातली गोळी काढू नका. हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण हा सदर वाचणारं कुणीतरी आज रात्री तेच करणार असतं. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. ते शरीरातून निरुपद्रवी करून बाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते ती मांजरात फार दुबळी असते. औषधाचे विषारी अंश साठतात, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या राखाडी-तपकिरी दिसायला लागतात. एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेनचंही नाव काढू नका. डॉक्टरांनी मेलॉक्सिकामसारखं वेदनाशामक दिलं असेल तर तेही मोजून, सांगितलं तितकेच दिवस. ती काहीच खात नसेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करून विचारा.

आता कॉलर. तुमच्या पत्रातला सगळ्यात कळवळून लिहिलेला भाग तोच आहे. पहिल्यांदा कॉलर घातलेलं मांजर उलटं उलटं चालतं, दाराच्या चौकटीला धडकतं, आणि अंग चाटायला जातं तेव्हा जीभ प्लास्टिकवरच फिरते. तो खर्र-खर्र आवाज रात्री शांततेत ऐकवत नाही, खरं आहे. पण मांजराची जीभ एकदा बोटावर घेऊन बघा. तिच्यावर घशाच्या दिशेला वाकलेले कडक काटे असतात, केस विंचरायला आणि हाडावरचं मांस खरवडायला बनलेले. अशी जीभ टाक्यांवरून रात्रभर फिरली तर काय होईल? चाटल्यानं जखम लवकर भरते, लाळेत औषध असतं, हा समज जुना आहे. लाळेत जंतूही भरपूर असतात, आणि ओली राहिलेली जखम भरत नाही. दोन रात्रींत कडेला लाली का आली याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

बहुतेक डॉक्टर १० ते १४ दिवस कॉलर ठेवायला सांगतात. ते सुसह्य करता येतात. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैलपणा हवा, आणि कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे थोडी जायला हवी. आखूड कॉलर असली की मांजर मान वळवून जखम गाठतंच. खोल वाडग्याऐवजी छोटी उथळ बशी ठेवा, म्हणजे कॉलरचा घेर बशीभोवती बसतो आणि तोंड खाली पोचतं. तरीही जेवत नसेल तर जेवणापुरती काढा, पण समोर बसून, आणि शेवटचा घास संपला की लगेच घाला. आणि चाटण्याची तलफ तुम्ही भागवा: ओलसर फडक्यानं हनुवटी आणि गाल पुसा, मऊ ब्रशनं पाठ विंचरा. विश्वास परत मिळवायचा म्हणालात ना, त्याला याहून चांगली वेळ सापडणार नाही.

प्लास्टिक अजिबातच सहन होत नसेल तर कापडाची कॉलर किंवा ऑपरेशननंतर घालायचा अंगरखा मिळतो. अंगरख्यातली मांजरं मोकळी वावरतात, पण काही जणी तो घातल्यावर जमिनीवर आडव्या पडून राहतात, जणू पायच गेले. शिवाय तो लघवीनं ओला होत नाही ना हे बघत राहावं लागतं आणि जखम बघायला रोज उघडावा लागतो. जखमेला एकदा लाली आलेली असताना अंगरखा घालायचा की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

गाठीची धास्ती मला समजते. आतले टाके विरघळणाऱ्या धाग्याचे असतात आणि मांजराची कातडी त्या धाग्याला उत्तर म्हणून छेदाच्या रेषेवर टणक सूज तयार करते. ती दुखत नसेल, वाढत नसेल, वरची कातडी कोरडी असेल, तर बहुतेक वेळा धागा विरघळेल तशी काही आठवड्यांत जिरते. मऊ, दाबल्यावर आत जाणारी किंवा दिवसागणिक मोठी होणारी गाठ मात्र वेगळी. तिथे आतले टाके सुटलेले असू शकतात किंवा पाणी साठलेलं असू शकतं. फरक कळायला रोज एकाच वेळी, एकाच उजेडात, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. "कालपेक्षा मोठी वाटते का गं?" अशी घरात चर्चा करण्यापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवून बघितलं की लगेच कळतं, आणि डॉक्टरांनाही तेच हवं असतं. जखमेवर काही लावू नका. माणसांसाठीची जंतुनाशकं, घरगुती लेप, सुगंधी तेलं, काहीही नको. फिनॉल जातीची जंतुनाशकं आणि टी ट्री तेल मांजरांना विषारी असतात, आणि जे लावाल ते ती संधी मिळाली की चाटणार. आंघोळही दोन आठवडे नको.

थांबू नये अशी लक्षणं: रक्त ठिबकणं, जखम उघडून फट पडणं, पू किंवा घाण वास, हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप, पुन्हा पुन्हा उलटी, २४ तास लघवी न होणं, किंवा २४ तास अन्नाला तोंड न लावणं. शौचाला दोन-तीन दिवस उशीर झाला तर घाबरू नका, आधी उपाशी ठेवलेलं असतं. न खाणं मात्र हलक्यानं घेऊ नये. मांजर काही दिवस उपाशी राहिलं, त्यातून अंगानं भरलेलं असलं, तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते जिवावर उठू शकतं.

साय खाते आहे हे त्यामुळे चांगलंच, पण दूध बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि टाके पडलेल्या पोटाला जुलाब नकोत. नेहमीचंच खाणं, थोडं कोमट करून वास सुटला की पुरे. जास्तीचं खाणंही आवरतं घ्या. अंडाशयं गेल्यावर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. दोन्ही एकदमच होतं, म्हणून नसबंदी झालेल्या मांजराचं पोट सुटायला वेळ लागत नाही. लाडाची वाटी आजपासून सुरू झाली की ती वर्षभरानं काढून घेणं जड जाईल, तुम्हालाच. तिचं वजन महिन्यातून एकदा करा आणि खाणं मोजून द्या.

बंड्याच्या गुरगुरण्यामागेही रुसवा-फुगवा नाही. मांजरं एकमेकांना वासानं ओळखतात. घरातून साय गेली आणि सायसारखी दिसणारी, पण औषधांचा वास येणारी कुणीतरी परत आली. "अरे, ओळख ना तिला" म्हणून दोघांची नाकं एकमेकांना लावायला जाऊ नका. वेगळ्या खोल्यांत ठेवा, आणि तुमच्या घरी याला आणखी एक कारण आहे: बंड्याची नसबंदी झालेली नाही. ऑपरेशननंतरही काही दिवस बोका मादीवर चढायला जाऊ शकतो, आणि पोटावर टाके असताना ते होता कामा नये. तिच्या अंगाचा वास निवळला की एका फडक्यानं बंड्याचे गाल पुसा आणि ते तिच्या खोक्यात ठेवा. तिचं फडकं त्याच्या जागी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवण, मग फटीएवढं दार उघडून. घाई करायची नाही. सायचे टाके भरेपर्यंत तसंही त्यांना एकत्र सोडायचं नाहीये.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. त्यांना सायचं वाईट वाटतंय, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, पण तुमच्या मनात ते रुतून बसू नये. एक वेत झाल्यानं मांजराची तब्येत सुधारते याला आधार नाही. उलट बाजूचा आधार भक्कम आहे. मांजराच्या स्तनात होणाऱ्या गाठींपैकी बहुतांश कर्करोगाच्या असतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरांना या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, आणि सहा महिने ते एक वर्ष या वयात ८६ टक्क्यांनी. साय दहा महिन्यांची आहे. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही आता जवळपास टळला. आणि माजावर आली की ती जी रात्र-रात्र ओरडायची, ती पिल्लांची आस नव्हती. ते हार्मोन होते. बोका मिळाला नाही की मांजर हंगामात दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येत राहतं.

शिवाय तुमच्या घरात वेत एकावर थांबलं नसतं. बंड्या घरातच आहे. मांजराचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात आणि पिल्लं अंगावर पित असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दहा महिन्यांच्या, अजून स्वतःच वाढणाऱ्या मांजरीवर हे येऊ दिलं असतं तर त्याला माया म्हणता आलं असतं का? आणि पिल्लांना घरं कुणी शोधली असती? ऑपरेशनचा निर्णय योग्य होता. तिला दुखलं हेही खरंच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि त्यासाठी तिची माफी मागत बसायची गरज नाही.

म्हणूनच "बंड्याला तरी वाचवते" हे मला पटत नाही. त्याला वाचवायचं तरी कशापासून? बोक्याचं ऑपरेशन खूप लहान असतं. वृषणं त्याच्या पोटात नसतात, त्यामुळे पोट उघडावं लागत नाही, आणि बहुतेक बोके दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वावरतात. न करण्याची किंमत मात्र मोठी आहे: भिंतींवर उडवलेली उग्र लघवी, बाहेर निसटून मारामाऱ्या, चाव्यांची गळवं आणि त्या चाव्यांतूनच पसरणारा, मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा एफआयव्हीसारखा विषाणू. तुमच्या घरची पिल्लं थांबली तरी बाहेरच्या मांजरींची थांबणार नाहीत, ती तुमच्या नजरेआड जन्मतील इतकंच.

सायची शेवटची तपासणी होऊन कॉलर निघाली की त्याच भेटीत बंड्यासाठी तारीख मागा. दोघं एकाच वेळी आजारी नकोत, तुमचीही शक्ती मोजकीच आहे. आणि ऑपरेशन झालं म्हणून त्याला लगेच मोकळा सोडू नका. वृषणं काढल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेव्हा नेमकं किती दिवस घरात ठेवायचं हे त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.